कच्च्या तेलात नेमके काय असते आणि ते जळते तेव्हा काय घडते

कोऱ्या कागदावर पेट्रोलचा एक थेंब आणि त्यापासून थोड्या अंतरावर डिझेलचा एक थेंब टाकला, तर पहिला थेंब पाहता पाहता उडून जातो आणि कागद जवळजवळ पूर्वीसारखा दिसू लागतो. दुसरा थेंब मात्र पसरतो, कागदाला तेलकट अर्धपारदर्शकपणा देतो आणि त्याचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो. (पेट्रोलची वाफ साध्या ठिणगीनेही पेटते, त्यामुळे हा प्रयोग बंद खोलीत करून पाहू नये.) हे दोन्ही द्रव जमिनीखालून आलेल्या एकाच काळपट मिश्रणातून वेगळे केलेले असतात, दोन्ही प्रामुख्याने कार्बन आणि हायड्रोजन या दोनच मूलद्रव्यांचे बनलेले असतात, आणि त्या दोहोंचे परस्परांशी प्रमाणही फारसे वेगळे नसते. मग एक द्रव उडून जातो आणि दुसरा चिकटून बसतो, याचे कारण काय? कारण एवढेच की पेट्रोलचे रेणू आखूड असतात आणि डिझेलचे लांब.

कच्च्या तेलाविषयीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे रेणूची लांबी आणि रेणूचा आकार या दोन गोष्टींत सापडतात. तिसरी महत्त्वाची गोष्ट तेलात जवळजवळ नसतेच, ती हवेत असते, आणि ती म्हणजे ऑक्सिजन. इंधनाचा विचार करताना हा ऑक्सिजन आपण गृहीत धरतो आणि तिथेच समजुतीचा घोटाळा सुरू होतो, असे मला वाटते. म्हणून या लेखात त्याच्याकडे मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे.

पहिली गोष्ट ही की कच्चे तेल हा एक पदार्थ नाही. शुद्ध पाणी कुठलेही घेतले तरी त्याचा रेणू एकच असतो, म्हणून समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सिअसला उकळते. कच्च्या तेलाला असा एकच उत्कलनबिंदू नाही, कारण त्यात हजारो प्रकारचे रेणू एकमेकांत मिसळलेले असतात. वजनाने पाहिले तर त्यात साधारण ८३ ते ८७ टक्के कार्बन आणि १० ते १४ टक्के हायड्रोजन असतो. उरलेल्या भागात गंधक, नायट्रोजन, थोडा ऑक्सिजन आणि निकेल, व्हॅनेडियम यांसारख्या धातूंचे अंश असतात. एखाद्या विहिरीतून येणारे तेल पातळ आणि तपकिरी असते, तर दुसऱ्या विहिरीतून येणारे इतके दाट असते की गरम केल्याशिवाय वाहत नाही. तरीही मूलद्रव्यांचे हे प्रमाण दोन्हींत साधारण याच मर्यादांत राहते. फरक घटकांत नसतो, त्यांच्या मांडणीत असतो.

ही मांडणी शक्य होते ती कार्बनमुळे. कार्बनचा अणू एकाच वेळी चार बंध तयार करू शकतो आणि दुसऱ्या कार्बन अणूंशी जोडला जाऊन लांबच लांब साखळ्या बनवू शकतो. साखळीत न गुंतलेले त्याचे उरलेले बंध हायड्रोजनचे अणू घेतात. अशा रेणूंना हायड्रोकार्बन म्हणतात. एकच कार्बन असलेला मिथेन उणे १६२ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे आपल्या भोवतालच्या तापमानाला तो वायूच असतो. तीन कार्बनचा प्रोपेन उणे ४२ अंशांना आणि चार कार्बनचा ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळतो. गॅस सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात ते मुख्यतः हे दोन वायू. पाच कार्बनचा पेंटेन ३६ अंशांना, आठ कार्बनचा सरळ ऑक्टेन १२६ अंशांना, तर सोळा कार्बनचा हेक्झाडेकेन २८७ अंशांना उकळतो. अठरा कार्बनच्या सरळ साखळीपाशी पोचेपर्यंत पदार्थ मेणासारखा घट्ट होऊ लागतो.

लांबी वाढली की उत्कलनबिंदू का वाढतो, हे समजणे अवघड नाही. हायड्रोकार्बनच्या दोन रेणूंमधील आकर्षण अगदी दुबळे असते, पण ते रेणूच्या सगळ्या पृष्ठभागावर काम करते. दोन आखूड रेणू एकमेकांना जेमतेम एखाद्या ठिकाणी स्पर्श करतात आणि थोड्याशा उष्णतेने सुटतात. दोन लांब साखळ्या शेजारी शेजारी पडल्या की त्या अनेक ठिकाणी एकमेकींना धरून राहतात आणि त्यांना वेगळे करायला जास्त उष्णता लागते. पेट्रोलचा थेंब उडतो आणि डिझेलचा डाग राहतो, तो याच कारणाने.

आता आकाराकडे पाहू. साखळी सरळच असली पाहिजे असे नाही. तिला फांद्या फुटू शकतात, किंवा तिची दोन टोके जुळून वलय तयार होऊ शकते. आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन एवढेच अणू घेतले तरी त्यांची मांडणी १८ वेगवेगळ्या प्रकारे करता येते. यांना समघटक म्हणतात. दहा कार्बनसाठी ही संख्या ७५ होते आणि वीस कार्बनसाठी ती थेट ३,६६,३१९ वर जाते. निसर्ग यांतील प्रत्येक रचना बनवतो असे नाही, तरी कच्च्या तेलातील प्रत्येक रेणू वेगळा काढून त्याची यादी करणे व्यवहारात का शक्य नसते, हे या आकड्यांवरून ध्यानात येते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्यांचे गट करतात: सरळ किंवा फांद्या असलेल्या साखळ्यांचे अल्केन, वलयांचे नॅफ्थीन, बेंझीनसारख्या विशेष स्थिर वलयांचे ॲरोमॅटिक, आणि सर्वांत जड असे गुंतागुंतीचे अस्फाल्टीन, ज्यांत गंधक, नायट्रोजन आणि धातू अडकून बसलेले असतात. डांबराचा काळेपणा आणि चिकटपणा बराचसा या शेवटच्या गटामुळे येतो.

धातूंच्या या अंशांनीच तेलाच्या उगमाचा एक महत्त्वाचा पुरावा दिला. १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कच्च्या तेलातून पोर्फिरिन नावाचे रेणू वेगळे काढले. हे चार लहान वलयांना जोडून बनलेले एक मोठे वलय असते, आणि त्याचा सांगाडा वनस्पतींच्या हरितद्रव्याशी जुळतो. हरितद्रव्यात या वलयाच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू बसलेला असतो. तेलात सापडलेल्या पोर्फिरिनमध्ये त्या जागी व्हॅनेडियम होता. इतक्या विशिष्ट रचनेचा रेणू सजीवांकडूनच आला असला पाहिजे. तेलाचा विषय निघाला की माझे मन या एका रेणूपाशी हमखास थांबते, कारण कोट्यवधी वर्षे दगडाखाली राहूनही त्याने आपल्या हिरव्या पूर्वजाची खूण जपली आहे.

हे पूर्वज डायनासोर नव्हते, ही समजूत कितीही पसरलेली असली तरी. तेलाचा कच्चा माल म्हणजे प्रामुख्याने समुद्रात आणि तळ्यांत तरंगणारे सूक्ष्म जीव आणि शेवाळ. ते मरून तळाशी बसले आणि त्या ठिकाणी पाण्यात ऑक्सिजन पुरेसा नसला, तर ते पूर्णपणे कुजत नाहीत. बारीक गाळात मिसळून त्यांचे केरोजन नावाचे घन द्रव्य बनते. वर आणखी गाळ साचत जातो तसे हे द्रव्य खोल जाते आणि तापत जाते. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस या टप्प्यात केरोजनचे मोठे रेणू हळूहळू तुटून तेल तयार होते. याहून जास्त तापले तर आणखी तुकडे होऊन मुख्यतः नैसर्गिक वायू उरतो. या प्रवासात मूळ सजीव द्रव्यातला बहुतांश ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या रूपाने निघून जातो. ही बाब लक्षात ठेवावी, कारण इंधन म्हणून तेलाला जे मोल आले ते याच वजाबाकीमुळे.

तयार झालेले तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते. ते वाळूच्या किंवा चुन्याच्या खडकातील बारीक छिद्रांत, ओल्या विटेत पाणी असावे तसे भरलेले असते, आणि वर एखादा न झिरपणारा थर असेल तरच तिथे अडकून राहते.

विहिरीतून आलेले तेल जसेच्या तसे फारसे उपयोगाचे नसते. शुद्धीकरण कारखान्यात आधी त्यातील पाणी आणि क्षार काढतात, मग ते ३५० अंशांच्या थोड्या वर तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. मनोरा तळाशी अतिशय तप्त आणि वरच्या टोकाला त्यामानाने थंड असतो. वाफ वर चढत जाते आणि प्रत्येक रेणू आपापल्या उत्कलनबिंदूच्या आसपासच्या थरावर पोचला की द्रव होऊन तिथल्या तबकात उतरतो: सर्वांत वर वायू, मग पेट्रोलच्या गटातील हलके घटक, त्याखाली रॉकेल आणि विमानाचे इंधन, त्याखाली डिझेल, आणि तळाशी न उकळलेला जड अवशेष. याला प्रभाजी ऊर्ध्वपातन म्हणतात. तो अवशेष आणखी तापवून वेगळा करायला जावे तर उकळण्याआधीच त्याचे रेणू फुटू लागतात, म्हणून तो दुसऱ्या मनोऱ्यात, हवेचा दाब अगदी कमी करून, कमी तापमानात उकळवतात. त्यातून वंगणाची तेले मिळतात आणि शेवटी डांबर उरते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या खडकांतून झिरपणाऱ्या तेलाचे ऊर्ध्वपातन करून, त्यातून दिव्यासाठी उत्तम तेल मिळू शकेल असा अहवाल येल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन सिलिमन धाकटे यांनी १८५५ मध्ये दिला आणि १८५९ मध्ये त्याच राज्यातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीला सुमारे २१ मीटर खोलीवर तेल लागले. त्या काळी हवे होते ते रॉकेल. पेट्रोल हा धोकादायक आणि जवळजवळ निरुपयोगी असा अंश मानला जाई. मोटारी आल्यावर चित्र उलटले, आणि निसर्गाने तेलात जेवढे आखूड रेणू ठेवले होते ते अपुरे पडू लागले. यावर उपाय म्हणजे लांब रेणू तोडणे. रशियात व्लादिमीर शुखोव यांनी अशा पद्धतीचे पेटंट १८९१ मध्ये घेतले होते. अमेरिकेत विल्यम बर्टन यांची उष्णता आणि दाब यांवर चालणारी पद्धत १९१३ मध्ये कारखान्यात आली. आणि १९३० च्या दशकात युजीन हूड्री यांनी हेच काम उत्प्रेरकाच्या, म्हणजे स्वतः न संपता प्रक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाच्या, साहाय्याने अधिक चांगले करून दाखवले. सोळा कार्बनच्या अल्केनचे दोन समान तुकडे केले, तर एका तुकड्याला आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन मिळतात, दुसऱ्याला मात्र सोळाच हायड्रोजन उरतात. हायड्रोजन कमी पडला म्हणून या दुसऱ्या तुकड्यात दोन कार्बन एकमेकांशी दुहेरी बंधाने जोडले जातात. असे दुहेरी बंधाचे रेणू प्लॅस्टिक उद्योगाचा पाया आहेत, पण तो वेगळा विषय आहे.

आता ज्वलनाकडे वळू. इंधनाच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते, असे वारंवार सांगितले जाते, आणि ते चुकीचे आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा खर्च करावी लागते. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना. सर्वांत साधा रेणू, मिथेन, घेऊन हिशेब मांडू. १६ ग्रॅम मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे १,६५० किलोज्यूल लागतात आणि त्याला लागणाऱ्या ६४ ग्रॅम ऑक्सिजनचे बंध तोडायला सुमारे १,०००. म्हणजे एकूण खर्च साधारण २,६५० किलोज्यूल. यातून जे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, त्यांचे बंध जुळताना सुमारे ३,४५० किलोज्यूल परत मिळतात. हाती राहतात ८००, आणि हीच ज्योतीची उष्णता. ऑक्सिजनच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना त्यामानाने सैल धरून असतात, आणि तेच अणू कार्बनशी किंवा हायड्रोजनशी जुळले की घट्ट बसतात. नफा होतो तो या फरकातून. इंधनाइतकाच ऑक्सिजनही या ऊर्जेचा धनी आहे.

हे पटले की आणखी एक कोडे सुटते. एक किलो पेट्रोल जळून सुमारे ४४ मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक किलो वाळलेल्या लाकडातून १६ ते १८ च्या आसपास. लाकडाच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आधीच कार्बन-हायड्रोजनशी जोडलेला असतो. म्हणजे ते द्रव्य अंशतः जळून गेल्यासारखेच असते. इथेनॉलच्या वजनातही सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, आणि म्हणून त्याच्या एका किलोतून २७ मेगाज्यूलच मिळतात. केरोजनचे तेल होताना जो ऑक्सिजन निघून गेला, त्याचे महत्त्व इथे कळते: तेल स्वतः ऑक्सिजन वाहून नेत नाही, तो भोवतालच्या हवेतून घेते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला जवळजवळ १४.७ किलो हवा लागते, आणि ती हवा टाकीत भरावी लागत नाही. दुसऱ्या कोणत्याही सोयीपेक्षा वाहनांसाठी हीच सोय मोठी ठरली आहे.

जळते ती मात्र नेहमी वाफ. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, डिझेलला त्यासाठी ५० अंशांच्या वर तापावे लागते. म्हणून उघड्यावर पेट्रोल इतके धोक्याचे. पण इथे एक विरोधाभास वाटेल अशी गोष्ट येते. ठिणगी न लावता नुसते तापवत नेले, तर आपोआप पेटण्यात डिझेल पुढे असते आणि पेट्रोल मागे. दोन्ही इंजिने याच फरकावर उभी आहेत. डिझेल इंजिनात फक्त हवा पंधरा ते वीस पट दाबली जाते, ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि तीत फवारलेले डिझेल आपसूक पेटते. पेट्रोल इंजिनात वाफ आणि हवा आधीच मिसळलेली असते आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत एका बाजूने पुढे सरकत जावी अशी अपेक्षा असते. ज्योत पोचण्याआधीच पुढचे मिश्रण दाबाने तापून स्वतः पेटले, तर धातूवर हातोडी मारल्यासारखा ठोका ऐकू येतो आणि पिस्टन खराब होऊ लागतो.

आपोआप पेटण्याची ही घाई रेणूच्या आकारावर ठरते. तापलेल्या रेणूतून एक हायड्रोजन निसटला की त्या जागी ऑक्सिजनचा रेणू येऊन बसतो, आणि मग सरळ, लवचीक साखळी आपल्यावरच वाकून पलीकडचा आणखी एक हायड्रोजन त्या ऑक्सिजनच्या हाती देते. यातून अस्थिर तुकडे तयार होतात आणि प्रक्रिया भराभर वाढत जाते. फांद्या असलेल्या रेणूत बहुतेक हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर असतात, ते अधिक घट्ट धरलेले असतात आणि हा खेळ मंदावतो. पेट्रोल ठोक्याला किती दाद देत नाही हे सांगणाऱ्या ऑक्टेन क्रमांकाची मोजपट्टी यावरच बेतलेली आहे: सात कार्बनच्या सरळ हेप्टेनला शून्य आणि आठ कार्बनच्या फांद्यादार आयसोऑक्टेनला १००. सरळ साखळीच्या ऑक्टेनचा ऑक्टेन क्रमांक शून्याच्याही खाली जातो, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. अणू तेच, संख्या तीच, फक्त आकार वेगळा. डिझेलची मोजपट्टी नेमकी उलटी आहे, तिथे सोळा कार्बनच्या सरळ साखळीला, म्हणजे सीटेनला, १०० गुण मिळतात.

ठोका थांबवण्याचा एक उपाय फार महाग पडला. टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी थोडे मिसळले की ठोका थांबतो, हे थॉमस मिज्ली यांनी १९२१ मध्ये शोधले. त्यानंतर अनेक दशके धुराड्यातून शिसे हवेत जात राहिले, आणि ते मुलांच्या मेंदूला इजा करते हे ठाऊक होऊनही मोटारींच्या पेट्रोलमधून त्याचे जगभरातील उच्चाटन पूर्ण व्हायला २०२१ साल उजाडले. फांद्यादार आणि वलयी रेणूंचे प्रमाण वाढवूनही तेच साधत होते. इतका दीर्घ विलंब रसायनशास्त्राच्या अडचणीमुळे झाला असे म्हणता येणार नाही.

ज्वलन आदर्श असेल तर बाहेर पडायला हवे ते फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. रॉकेलच्या दिव्याच्या ज्योतीवर क्षणभर थंड धातूचा चमचा धरला, तर आधी त्यावर पुसट धुके धरते, ते पाणी असते. चमचा खाली पिवळ्या भागात नेला की त्यावर काळी काजळी बसते. ज्योतीचा तो पिवळा उजेड म्हणजे तापून चमकणारे काजळीचेच कण, ऑक्सिजन वेळेवर न मिळालेला कार्बन. अर्धवट ज्वलनात विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. तेलातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड बनतो, आणि अतिशय तापलेल्या इंजिनात हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजनची ऑक्साइडे होतात. यांपैकी प्रत्येकावर उपाय आहे. गंधक कारखान्यातच हायड्रोजनच्या साहाय्याने काढता येते; कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे धुराड्याच्या वाटेवर बसवलेल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांच्या उत्प्रेरकावर निकामी करता येतात. शिशाने हा उत्प्रेरक निरुपयोगी होतो, आणि शिसे हटवण्याचे तेही एक कारण होते.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो इंधनातली अशुद्धी नव्हे आणि अर्धवट ज्वलनाचा दोषही नव्हे; वर मांडलेल्या हिशेबात जो नफा दिसला, त्याचा मोठा वाटा कार्बन आणि ऑक्सिजन घट्ट जुळण्यातून आला होता, आणि ते जुळणे म्हणजेच हा वायू. इंजिन जितके चांगले जाळील तितका तो पूर्णपणे तयार होतो. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते आणि त्यापासून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बनतो. वजन वाढते ते हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनमुळे.

हा कार्बन हवेत मिसळल्यावरही ओळखता येतो. जिवंत वनस्पतींत कार्बन-१४ या किरणोत्सारी प्रकाराचा सूक्ष्म अंश असतो आणि सुमारे ५,७०० वर्षांत तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेल्या तेलात आणि कोळशात तो शिल्लकच नसतो. त्यामुळे जीवाश्म इंधने जळत गेली तसे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होत गेले. हान्स सुस या रसायनशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये झाडांचे लाकूड तपासून दाखवले की विसाव्या शतकात वाढलेल्या लाकडात कार्बन-१४ चा अंश एकोणिसाव्या शतकातील लाकडापेक्षा कमी आहे. प्राचीन समुद्रातल्या शेवाळाने साठवलेला कार्बन इंजिनांतून आणि भट्ट्यांतून हवेत आला होता, आणि त्या झाडांनी तो आपल्या वाढवलयांत घेतला होता.